पाय टेकत नाहीत म्हणून गाडीचा नाद सोडू का?

पत्र असं आहे:

"नमस्कार. माझं वय ४२, उंची ५ फूट ४ इंच. बरीच वर्षं १५० सीसीची गाडी रोज चालवतेय, आता लांबच्या टूर करायच्या आहेत, वर्षातून एक मोठी आणि मधेमधे छोट्या. कधी एकटी असेन, कधी नवरा मागे असेल. रस्ते बहुतेक डांबरीच, पण मुक्कामाच्या आधीचे शेवटचे दहा-वीस किलोमीटर कच्चे असू शकतात. तीन गाड्या डोक्यात आहेत, यामाहाची टेनेरे ७००, होंडाची एनएक्स ५०० आणि रॉयल एनफिल्डची हिमालयन ४५०. ग्रुपमधले सगळे म्हणतात एकदाच मोठी घे, नंतर हळहळत बसशील. म्हणून टेनेरेवर बसून बघितलं तर दोन्ही पायांची फक्त बोटंच टेकली, आणि शोरूममधला माणूस म्हणाला मॅडम ही गाडी तुमच्यासाठी नाही. घरी येऊन चक्क रडू आलं. माझी उंचीच कमी आहे तर हा नाद सोडून देऊ का? – बोटांवर उभी"

ताई, अजिबात सोडू नका. आणि रडू आलं हे मोकळेपणाने लिहिलंत ते बरं केलंत, कारण त्यावरून कळतं की हे तुम्हाला किती मनापासून हवंय, आणि इतकं हवं असेल तर उंची आड येत नाही हे मी पूर्ण खात्रीने सांगतो. साडेपाच फुटांच्या आतली कितीतरी माणसं या गाड्यांवर देश पालथे घालतात. त्या माणसाने तुम्हाला गाडीवर बसवलं, पाय बघितले आणि निकाल दिला, पण बघायच्या निम्म्या गोष्टी त्याने बघितल्याच नाहीत.

आधी उंचीचं बघू. टेनेरे ७०० ची सीट हाइट, म्हणजे जमिनीपासून सीटची उंची, ८७५ मिलिमीटर आहे, एनएक्स ५०० ची ८३० च्या आसपास आणि हिमालयन ४५० ची ८२५, तिची सीट वर सरकवून ८४५ करता येते आणि वेगळी लो सीट लावली तर ८०५ पर्यंत खाली येते. म्हणजे टेनेरे आणि बाकी दोघींमध्ये साडेचार-पाच सेंटिमीटरचा फरक आहे, बोटं टेकणं आणि अर्धा तळवा टेकणं यातला फरक साधारण तेवढाच असतो. पण हा आकडाही पूर्ण गोष्ट सांगत नाही, कारण सीट पुढून रुंद असेल तर मांड्या फाकतात आणि पायाची लांबी तिथेच खर्ची पडते, त्यामुळे जास्त उंचीची पण अरुंद सीट कधीकधी कमी उंचीच्या रुंद सीटपेक्षा सोपी जाते. आणि सस्पेन्शन तुमच्या वजनाने किती दबतं हे पण बघावं लागतं. शोरूममधल्या गाडीचा मागचा प्रीलोड (स्प्रिंगला आधीच दिलेला ताण) जर दोघांच्या वजनाच्या हिशोबाने घट्ट केलेला असेल तर तुम्ही एकट्या बसल्यावर ती खाली बसतच नाही. तो सैल करून पुन्हा बसायचं, बऱ्यापैकी फरक पडतो. शिवाय तुम्ही त्या दिवशी कदाचित साध्या चपला-बुटांत गेला असाल, रायडिंग बूटचा सोल जाड असतो, त्यात दोनेक सेंटिमीटर आणखी मिळतात.

दोन्ही पाय सपाट टेकायलाच हवेत हा हट्ट पण सोडून द्या. थांबताना कंबर जरा डावीकडे सरकवायची, डावा पाय पूर्ण टेकवायचा, उजवा पाय फूटपेगवर (पाय ठेवायच्या दांडीवर), मागच्या ब्रेकवर. उंच गाड्या चालवणारे बहुतेक असेच थांबतात आणि चढावर तर हेच जास्त सुरक्षित, कारण ब्रेक पायाखाली राहतो आणि उजवा हात फक्त ॲक्सिलरेटर सांभाळतो. हे रिकाम्या मैदानात आठवडाभर घोटलंत की अंगवळणी पडेल.

मग खरी अडचण कशात आहे? वजनात. ते सुद्धा पळत्या गाडीच्या वजनात नाही, पळताना कुठलीही गाडी हलकीच वाटते. तुम्ही गाडी निवडताना डोळ्यासमोर हायवे आणू नका, दिवसाचा शेवट आणा. आठ तास चालवून अंग आंबलंय, अंधार पडतोय, रस्ता चुकलाय, खडीचा उतार आहे, गाडीवर सामान आहे आणि तिथेच गाडी वळवून परत जायचंय. ती पाच मिनिटं ज्या गाडीवर तुम्हाला निभावता येतील ती तुमची गाडी, बाकी हॉर्सपॉवर वगैरे सगळं त्याच्यानंतर. उंची कमी असली तर हे जास्त लागू होतं कारण गाडी एका बाजूला कलायला लागली की लांब पायवाल्याला सावरायला जो अर्धा क्षण मिळतो तो आपल्याला मिळत नाही.

आकड्यांत बघितलं तर एनएक्स ५०० आणि हिमालयन ४५० दोन्ही पेट्रोल धरून १९६ किलोच्या, टेनेरे साधारण २०५. फार फरक नाही असं वाटेल. पण टेनेरेची टाकी आणि एकूणच बांधा उंच आहे, वजन वर बसलेलं आहे, त्यामुळे थांबल्यावर ती कागदावरच्यापेक्षा जड लागते. हे वाचून कळत नाही, तिन्ही गाड्या इंजिन बंद ठेवून हाताने ढकलून बघा, आठचा आकडा काढत ढकला, जराशा चढावर मागे रेटून बघा. पाच मिनिटांत तुमचं शरीरच तुम्हाला उत्तर देईल.

आता ग्रुपच्या सल्ल्याबद्दल. "एकदाच मोठी घे" हे सांगणारे लोक वाईट नसतात, त्यांना खरंच वाटतं की कमी ताकदीच्या गाडीचा कंटाळा येईल. पण पॅरिसहून आफ्रिकेतल्या डकारपर्यंतची पहिली पॅरिस-डकार रॅली, १९७९ ची, सिरिल नव्हूने जिंकली ती यामाहा एक्सटी ५०० वर, एक सिलिंडर, ४९९ सीसी, ताकद तीस-बत्तीस हॉर्सपॉवरच्या घरात. सहारा ओलांडायला तेवढी पुरली. तुमच्या यादीतली सगळ्यात कमी ताकदीची हिमालयन सुद्धा ४० हॉर्सपॉवरची आहे, एनएक्स ५०० साधारण ४७ ची आणि टेनेरे ७३ च्या आसपास. एनएक्सचा ४७ हा आकडा पण काही कमीपणाचा नाही बरं का, युरोपात ए-टू लायसन्सला (मोटरसायकलचं मधल्या टप्प्याचं लायसन्स) ३५ किलोवॅटची, म्हणजे साधारण ४७ हॉर्सपॉवरची, मर्यादा आहे आणि होंडाचं हे ४७१ सीसीचं इंजिन २०१३ पासून त्या मर्यादेत बसेल असंच बनवलेलं आहे, त्यामुळे त्याच्यावर ताण नसतो आणि ते वर्षानुवर्षं तक्रार न करता चालतं. १५० सीसीवरून येणाऱ्या माणसाला ही ताकद तिप्पट आहे हो. त्यातली पुरेपूर वापरायला शिकण्यातच दोन-तीन वर्षं मजेत जातील.

दोघं बसून, सामान लादून, चढावर ट्रक ओव्हरटेक करताना मात्र टेनेरे नुसता ॲक्सिलरेटर पिळला की निघते, ६८ न्यूटन मीटर टॉर्क (इंजिनाचा ओढायचा जोर) आहे तिला, आणि एनएक्सवर तुम्हाला एक-दोन गिअर खाली टाकावे लागतील. हिमालयनला ४० न्यूटन मीटर टॉर्क आहे, तो कमी आरपीएमला (इंजिनाच्या कमी फेऱ्यांना) चांगला मिळतो म्हणून कच्च्यावर आणि घाटात ती छान ओढते, पण सिंगल सिलिंडर आहे, शंभर-एकशे दहाच्या पुढे दिवसभर पळवायची तर दोन सिलिंडरची एनएक्स जास्त निवांत वाटते. तुमचा बहुतेक प्रवास डांबरावर आहे, त्यामुळे या गोष्टीला माझ्या लेखी वजन आहे.

चाकांचं नीट समजून घ्या कारण इथे लोक फोटो बघून फसतात. टेनेरे आणि हिमालयनला पुढे २१ इंची चाक आहे, एनएक्सला १९. मोठं अरुंद चाक दगड-खड्ड्यांवरून सहज चढून जातं, चिखल-रेतीत रस्ता कापत जातं, पण डांबरावर वळणात जरा आळशी असतं आणि जमिनीला लागणारा रबर कमी असल्याने जोरात ब्रेक मारताना पकड कमी मिळते. १९ हा मधला मार्ग आहे. शेवटचे दहा-वीस किलोमीटर कच्चे म्हणजे शेतातला, जंगलातला दाबलेला रस्ता असेल तर १९ पुरेपूर झाला. नदीचं पात्र, खोल वाळू, डोक्याएवढे धोंडे असलं काही रोज करणार असाल तर २१ हवा, पण तुमच्या पत्रात तसं काही नाहीये.

आणि पंक्चर! याचा विचार गाडी घेताना कोणीच करत नाही. एनएक्सची चाकं अलॉय, टायर ट्यूबलेस. खिळा घुसला तर चाक न काढता प्लग मारायचा, छोट्या पंपाने हवा भरायची, दहा-पंधरा मिनिटांत पुढे. टेनेरेला स्पोकची चाकं आणि आत ट्यूब. म्हणजे चाक उतरवायचं, टायर रिमवरून सोडवायचा, लिव्हर घालून ट्यूब बाहेर काढायची, आणि हे सगळं दोनशे किलोची गाडी कशावर तरी टेकवून ठेवून. येतं करता, शिकता येतं, आडवाटेला स्पोक रिम मार पण जास्त खाते आणि वाकली तर सरळ करता येते हा तिचा फायदाच आहे. पण एकटीने टूर करणाऱ्या, ट्यूब बदलायची सवय नसलेल्या माणसाला मी ट्यूबलेसच सांगेन. हिमालयनला ट्यूबलेस स्पोक चाकांचा पर्याय निघालेला आहे, ती घेणार असाल तर तोच घ्या, त्यावर जास्त पैसे गेले तरी चालतील.

नवऱ्याला मागे बसवायचंय ना, मग गाडीच्या मॅन्युअलमध्ये जास्तीत जास्त एकूण वजन किती ते शोधा, त्यातून गाडीचं वजन वजा करा. उरतं ते तुमचं दोघांचं, कपड्यांचं, बॉक्सचं आणि सामानाचं मिळून. मध्यम गाड्यांमध्ये हे दोनशे किलोच्या आसपास किंवा त्याच्याही खालीच येतं. आता बेरीज करा, तुम्ही ६०, नवरा ७५, दोघांची हेल्मेट-जॅकेट-बूट धरून १५-१८, लोखंडी रॅकसकट ॲल्युमिनियमचे दोन बॉक्स आणखी १५, झाले ना १६५ च्या वर, आणि अजून एक शर्ट सुद्धा भरलेला नाही. म्हणून मी कडक बॉक्सच्या ऐवजी मऊ बॅगा सांगतो. बॅगा आणि त्यांचा पट्ट्यांचा सांगाडा मिळून चार-पाच किलोत भागतं. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं, खडीवर तोल जाताना आपण पाय खाली टाकतो, गाडी पुढे सरकते आणि मागून कडक बॉक्स पोटरीवर येऊन आदळतो, याने पाय मोडल्याच्या घटना होतात. आपण आखूड पायवाली माणसं पाय जरा घाईने टाकतो, आपल्याला हा धोका जास्त. जड सामान खाली आणि पुढच्या बाजूला, टॉप बॉक्समध्ये फक्त हलकं, कारण मागच्या चाकाच्याही मागे, उंचावर वजन गेलं की पुढचं चाक हलकं होतं आणि वेगात हँडल डुलायला लागतं.

आता कोणीतरी तुम्हाला सांगेल की टेनेरेच घे आणि मागच्या सस्पेन्शनची लिंक (जोडपट्टी) बदलून खाली कर. करता येतं. पण मागून खाली केली तर पुढचे फोर्कही (पुढचं चाक धरणारे दोन दांडे) त्या प्रमाणात त्यांच्या क्लॅम्पमध्ये वर सरकवावे लागतात, नाहीतर स्टिअरिंग मंद होतं. ग्राउंड क्लिअरन्स जातो. साइड स्टँड तेवढाच लांब राहतो म्हणून गाडी उभी करताना ती जवळजवळ सरळच उभी राहते आणि जराशा वाऱ्याने किंवा उतारावर पलीकडे पडते, तो पण कापून घ्यावा लागतो. म्हणजे ज्या उंच सस्पेन्शनसाठी ती गाडी घेतली तेच कापून टाकायचं, मग ती घ्यायची कशाला? कुठलीही गाडी घेतलीत तरी पहिला उपाय सीटचा. चांगला सीटवाला पुढच्या दोन्ही कडा तासून सीट अरुंद करून देतो, पूर्ण सीट पातळ करण्यापेक्षा याने पाय जास्त खाली जातो आणि बसायची गादी तशीच राहते.

तर माझं मत, तुमचं पत्र तीनदा वाचून. एनएक्स ५०० घ्या. डांबर जास्त, कधीकधी नवरा मागे, ट्यूबलेस, शांत इंजिन, साडेसतरा लिटरची टाकी, हे सगळं तुमच्या वापराशी जुळतं. दोन उणिवा सांगून ठेवतो, तिचं एबीएस (ब्रेक मारल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, कच्च्यावर तिच्यामुळे थांबायला जास्त अंतर लागतं) बंद करता येत नाही आणि सस्पेन्शनची झेप (वर-खाली व्हायची जागा) कमी आहे, म्हणून कच्च्या उतारावर वेग आधीच कमी करून उतरायचं, वरून ब्रेकवर भरवसा ठेवून सुटायचं नाही. जर तुम्ही मनाशी म्हणत असाल की नाही, मला ती कच्ची वाटच जास्त आवडते, हळूहळू तिकडेच जाणार आहे मी, तर हिमालयन, लो सीटवाली. तिचं मागचं एबीएस बंद होतं, सस्पेन्शन दोनशे मिलिमीटरचं आहे, आणि खडबडीत रस्त्यावर ती या किमतीच्या मानाने फार धीर देते. टेनेरे सुंदर गाडी आहे, मला स्वतःला प्रचंड आवडते, आणि तीन-चार वर्षांनी तुम्ही तिच्यावर पुन्हा बसाल तेव्हा तीच बोटं टेकतील पण तुम्हाला भीती वाटणार नाही, तेव्हा वाटलं तर खुशाल घ्या. मधल्या गाड्या चांगल्या ठेवल्या तर विकायला त्रास होत नाही.

टेस्ट राइड मागा आणि शोरूमभोवती एक चक्कर मारून समाधान मानू नका, तासभर तरी हवी. फूटपेगवर उभं राहून हँडलला हात कसे पोचतात बघा, पाठीत वाकावं लागत असेल तर हँडल उंच करायचा रायझर लागेल. चालण्याच्या वेगाने, क्लच अर्धा धरून, मागचा ब्रेक हलका दाबून पूर्ण हँडल वळवून यू-टर्न घ्या, दोन्ही बाजूंना. आणि शेवटी नवऱ्याला मागे बसवून हेच पुन्हा करा, त्यालाही विचारा गुडघे किती दुमडतात, कारण पिलियनचे (मागे बसणाऱ्याचे) फूटपेग उंच असले तर दोन तासांनी तो माणूस मागे हलायला लागतो आणि त्याच्या प्रत्येक हालचालीबरोबर गाडी डोलते.

पडणार आहात, हे पण आत्ताच सांगतो. बहुतेक वेळा उभ्या उभ्याच, वेग शून्य असताना. त्यात लाज वाटून घेण्यासारखं काही नाही, सगळे पडतात. क्रॅश गार्ड, हँड गार्ड आणि इंजिनाखाली जाड बॅश प्लेट पहिल्याच दिवशी लावून घ्या, एक जादाचा क्लच लिव्हर सामानात ठेवा. आणि उचलायला शिका, गवतावर जुनी चादर टाकून गाडी हळूच आडवी करा आणि सराव करा. इंजिन बंद, पहिला गिअर टाकलेला, उजव्या कुशीवर पडली असेल तर साइड स्टँड आधीच उघडून ठेवायचा म्हणजे उचलल्यावर पलीकडे जाऊन पडत नाही. हँडल जमिनीच्या बाजूला पूर्ण वळवायचं, गाडीकडे पाठ करून खाली बसायचं, एक हात हँडलच्या टोकाला, दुसरा मागच्या कॅरिअरच्या दांडीला, पाठ ताठ ठेवून पायांनी जोर लावत छोट्या छोट्या पावलांनी मागे सरकत जायचं. हाताच्या ताकदीचं काम नाही हे, मांड्यांचं आहे. सामान आधी उतरवायचं, मऊ बॅगा इथेही कामी येतात.

चेनचं लक्षात ठेवा, तुमच्या सध्याच्या गाडीला कदाचित झाकलेली असेल, या उघड्या असतात. पाचशे ते हजार किलोमीटरला साफ करून तेल द्यायचं, पाऊस किंवा धूळ लागली की त्याच दिवशी. ताण किती ठेवायचा ते स्विंगआर्मवर (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावर) स्टिकर असतो तिथे लिहिलेलं असतं, आणि सामान-पिलियन चढवल्यावर चेन आणखी ताणली जाते म्हणून घट्ट ठेवायच्या मोहात पडू नका.

गाडी घरी आली की पहिले हजार किलोमीटर एकट्या चालवा, इंजिनाला पण जास्त आरपीएम नको असतात तेव्हा आणि तुम्हालाही थांबणं-निघणं हाडात मुरवायला वेळ मिळतो. मग नवऱ्याला बसवायचं ते मागचा प्रीलोड वाढवून. आणि त्याला एक नियम घालून द्या, कारण कमी उंचीचे लोक पिलियन घेऊन पडतात ते जवळजवळ नेहमी चढ-उतरतानाच: तुम्ही डावा पाय पूर्ण टेकवून, पुढचा ब्रेक दाबून "बस" म्हटल्याशिवाय त्याने फूटपेगवर पाय ठेवायचा नाही, आणि उतरताना तुमच्या खांद्यावर टकटक करून, तुमचा होकार येईपर्यंत थांबायचं, मग डाव्या बाजूनेच उतरायचं, गाडी बाहेर न ओढता सरळ उभं राहत.